ऑर्डर देण्याआधी व्हर्जन विचारा

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतला कारखानदार काय, बदलापूरचा केमिकलवाला काय आणि उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधला कापडव्यापारी काय, डेटाबेस नावाच्या प्रकाराशी कोणालाच फारसं देणंघेणं नसतं. त्यांना रिपोर्ट हवा असतो. कोणाकडे किती उधारी थकली, गोदामात कोणता माल पडून आहे, कोणत्या बॅचला किती कच्चा माल लागला, एवढं कागदावर आलं की झालं. पण आकडे साठवणारं सॉफ्टवेअर वेगळं आणि त्यातून रिपोर्ट काढून देणारं वेगळं. हे कळायची वेळ येते ती नवं काहीतरी बसवायला घेतल्यावर. सेटअप अर्ध्यात अडकतो, पडद्यावर लाल फुली येते आणि बसवायला आलेल्या मुलाला बोल खावे लागतात. माझ्या मते बहुतेक वेळा त्या मुलाचा काही दोष नसतो. दोन सॉफ्टवेअरच्या व्हर्जनची जुळणी बिघडते ती खरेदीच्या टेबलावर, तो मुलगा दारात येण्याच्या कितीतरी आधी.

ती बिघडते याचं कारण एकाच ऑफिसातली सॉफ्टवेअरं एकाच वेळी जुनी होत नाहीत. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि बिलिंगचं पॅकेज बदलावं लागलं. ऑक्टोबर 2020 पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं, तेव्हा उलाढालीची मर्यादा 500 कोटींची होती. ती टप्प्याटप्प्याने खाली येत 1 ऑगस्ट 2023 ला 5 कोटींवर आली आणि एमआयडीसीतल्या मध्यम गाळ्यांपर्यंत पोचली. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून कंपन्यांना हिशेबाच्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर बंधनकारक झालं. म्हणजे वरचं पॅकेज सरकारी तारखांनी नवं होत गेलं. खालचा डेटाबेस सर्व्हर मात्र तसाच राहिला, कारण तो चालत होता. लेथ मशिन तीस वर्षं चालवायची सवय असलेल्या माणसाला सर्व्हर दहा वर्षांत बदलायला सांगितलं तर त्याला ती चैनच वाटणार. पण मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचंच पाहा. 2008 आर2 या आवृत्तीचा आधार 9 जुलै 2019 ला संपला, 2012 चा 12 जुलै 2022 ला, 2014 चा 9 जुलै 2024 ला. या तारखा पहिल्या दिवसापासून जाहीर तक्त्यात असतात. सर्व्हर विकत घेताना त्या कोणी विचारत नाही, एवढंच.

रिपोर्टिंगच्या सॉफ्टवेअरची गंमत याहून पुढची आहे. एसक्यूएल सर्व्हरसोबतचं रिपोर्टिंग सर्व्हिसेस 2004 च्या जानेवारीत 2000 च्या आवृत्तीची पुरवणी म्हणून आलं. 2005 पासून 2016 पर्यंत ते डेटाबेसच्याच सेटअपमधून बसायचं, त्यामुळे दोघांचं वय आपोआप एक राहायचं. 2017 पासून ते वेगळं डाउनलोड झालं. तेव्हापासून डेटाबेस एका सालचा आणि रिपोर्टिंग दुसऱ्या सालचं, अशी जोडी बसवणं शक्य झालं. काही जोड्या चालतात, काही चालत नाहीत, आणि इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. रिपोर्ट ज्या डेटाबेसमधले आकडे वाचतो, तो बराच जुना असला तरी बहुधा चालतो. पण रिपोर्ट सर्व्हरला स्वतःचं बिऱ्हाड ठेवायलाही एक डेटाबेस लागतो. रिपोर्टांची यादी, कोणाला काय दिसावं, कोणता रिपोर्ट किती वाजता मेल करावा, हे सगळं त्यात राहतं. त्या जागेच्या अटी कडक आहेत. फुकट मिळणाऱ्या एक्स्प्रेस एडिशनवर स्टँडर्ड एडिशनच्या रिपोर्ट सर्व्हरचं बिऱ्हाड थाटता येत नाही, आणि एक्स्प्रेसमध्ये ठरल्या वेळी काम करणारा एजंटच नसल्याने रोज सकाळी नऊला आपोआप येणारा रिपोर्टही त्यावर होत नाही. लहान गाळेवाल्याकडे बहुतेक एक्स्प्रेसच असतं. विकणाऱ्याने डेमो मात्र मेलवर येणाऱ्या रिपोर्टचा दाखवलेला असतो.

शिवाय रिपोर्टच्या फाइललाही स्वतःचं व्हर्जन असतं. 2016 च्या पद्धतीने तयार केलेली रिपोर्ट फाइल 2014 च्या सर्व्हरवर चढवायला गेलं की व्याख्या अवैध असल्याचं सांगून तो ती परत करतो. फाइलमध्ये चूक काहीच नसते. इंची आट्यांच्या नटात मेट्रिक बोल्ट घालण्यासारखं ते आहे, आणि अंबरनाथच्या कोणत्याही फिटरला ते एका वाक्यात कळेल. रिपोर्ट तयार करणाऱ्या माणसाकडे 'टार्गेट सर्व्हर व्हर्जन' नावाचं एक सेटिंग असतं. तिथे जुनं साल निवडलं की बहुतेक वेळा तोच रिपोर्ट निमूट चढतो. पण गिऱ्हाइकाकडे सर्व्हर कुठल्या सालचा आहे, हे त्याला कोणी सांगितलेलं असेल तर ना!

आकडे थेट एक्सेलमध्ये ओढणाऱ्यांची अडचण वेगळी असते: 32 बिट की 64 बिट. एक्सेल 64 बिटचं आणि डेटाबेसचा ड्रायव्हर 32 बिटचा असेल तर आर्किटेक्चर जुळत नसल्याचा संदेश येतो आणि गाडी तिथेच थांबते. विंडोजने यात स्वतःची भर घातली आहे. ड्रायव्हर लावण्याची खिडकी दोन प्रतींत असते. 64 बिटची प्रत 'सिस्टिम 32' नावाच्या फोल्डरमध्ये सापडते आणि 32 बिटची 'सिसवाव 64' मध्ये. जुन्या प्रोग्रॅमांची सोय म्हणून ही उलटी नावं राहिली आणि आज नव्या माणसाचा अख्खा दिवस खातात.

यावर नेहमीचं उत्तर असतं, "चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?" त्यात तथ्य आहे. ज्या सर्व्हरवर रोज पन्नास बिलं फाटतात, त्याच्याशी हौसेने खेळू नये. पण जुनं आपल्या मर्जीने थांबवून धरता येत नाही. 26 जुलै 2005 ला आणि पुन्हा जुलै 2019 मध्ये उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं होतं. मशिन पाण्यात गेलं, किंवा नुसती हार्ड डिस्क बसली, तरी नवं मशिन नव्या विंडोजसह येतं आणि जुनी सॉफ्टवेअरं त्यावर बसायला नकार देतात. मग ज्या बदलाला सवडीने आठवडा देता आला असता, तो एका रात्रीत उरकावा लागतो. अशा वेळी एक लहानशी फाइल आठवते: रिपोर्ट सर्व्हरची एन्क्रिप्शन की. ती आधी काढून दुसरीकडे ठेवलेली नसेल तर रिपोर्ट परत मिळतात, पण त्यात साठवलेले पासवर्ड उघडत नाहीत आणि ते सगळे पुन्हा भरत बसावं लागतं.

याच्या अगदी उलट बोलणारेही आहेत: सगळंच नवंकोरं टाका, कटकट मिटेल. ती मिटत नाही. मायक्रोसॉफ्टचा 18 क्रमांकाचा ओडीबीसी ड्रायव्हर 2022 मध्ये आला आणि त्याने सर्व्हरशी बोलताना एन्क्रिप्शन मुळातच चालू ठेवलं. ज्यांच्या सर्व्हरवर धड सर्टिफिकेट नव्हतं, त्यांचं कालपर्यंतचं कनेक्शन ड्रायव्हर बदलताच बंद पडलं. सुरक्षेच्या दृष्टीने तो निर्णय बरोबर होता, पण उधारीचा रिपोर्ट अडकलेल्या माणसाला ते पटवणं अवघड. दुसरं म्हणजे पुढे गेलेला डेटाबेस मागे येत नाही. 2019 वर घेतलेला बॅकअप 2008 आर2 वर उतरवता येत नाही. तेव्हा येणाऱ्या संदेशात सालही लिहिलेलं नसतं; 15 आणि 10.50 असे आतले क्रमांक असतात, ते ओळखता आले तर ठीक.

औषध कंपन्यांचा आक्षेप जास्त वजनदार आहे. अमेरिकेला माल पाठवणाऱ्या कारखान्याला तिथल्या 1997 च्या 'पार्ट 11' नियमानुसार संगणकावरच्या नोंदी विश्वासार्ह असल्याचं दाखवावं लागतं. सॉफ्टवेअरचं व्हर्जन बदललं की तपासणी नव्याने करा, तिची कागदपत्रं नव्याने करा. म्हणून ते व्हर्जन गोठवून ठेवतात आणि ते चुकत नाहीत. फक्त, गोठवायचं तर अख्खी जोडी गोठवावी, विंडोज, डेटाबेस, रिपोर्टिंग आणि ड्रायव्हर धरून. एकट्या रिपोर्टिंगला नवं करू नये.

राहता राहिलं क्लाउड. तिथे व्हर्जनची कटकट दुसऱ्याच्या गळ्यात जाते, असं सांगतात, आणि ते निम्मं खरं आहे. डेटाबेस कारखान्यातच असेल तर पॉवर बीआयसारख्या सेवेला तिथपर्यंत पोचायला गेटवे बसवावा लागतो, आणि त्या गेटवेच्या शेवटच्या सहाच आवृत्त्यांना मायक्रोसॉफ्ट आधार देतं. म्हणजे दहा वर्षांतून एकदा येणारं काम वर्षातून दोनदा येऊ लागतं. कारखान्यातच राहायचं म्हटलं तरी वाट बदलली आहे. एसक्यूएल सर्व्हर 2025 सोबत रिपोर्टिंग सर्व्हिसेसची नवी आवृत्ती निघालीच नाही. तिची जागा पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हरने घेतली. 2022 ची आवृत्ती शेवटची, तिला जानेवारी 2033 पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतील.

तेव्हा उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या व्यापारी आणि कारखानदारांना एवढीच विनंती. रिपोर्टिंगचं सॉफ्टवेअर घेताना पर्चेस ऑर्डरवर आपल्या सर्व्हरचं विंडोज, डेटाबेसचं साल आणि एडिशन, एक्सेल किती बिटचं ते लिहा, आणि 'यावर चालेल' असं विकणाऱ्याकडून सहीनिशी घ्या. डेटाबेसचं साल शोधायला 'सिलेक्ट ॲट ॲट व्हर्जन' ही एका ओळीची आज्ञा पुरते. तुमचा संगणकवाला ती मिनिटभरात चालवून देईल.