मोक्याचं बेट, अवघड मुक्काम

जून उजाडला की आपल्याकडे मान्सूनच्या बातम्या सुरू होतात. केरळात दाखल, गोव्यात आगमन, कोकणात जोर. हा पाऊस घेऊन येणारा नैर्ऋत्येचा वारा त्याआधी एका बेटाला झोडपून आलेला असतो. आफ्रिकेचा किनारा सोडून अरबी समुद्रावर शिरताना साधारण एक-दीड किलोमीटर उंचीवर या वाऱ्याचा वेगवान झोत तयार होतो. हवामानशास्त्रज्ञ त्याला ‘सोमाली झोत’ म्हणतात. त्याच्याच वाटेवर सोकोत्रा आहे. कोकणात जो वारा ओहोळ-वहाळ भरून वाहायला लावतो, तोच सोकोत्राच्या उत्तर किनाऱ्यावर डोंगरावरून कोरडा आणि तापलेला उतरतो. समुद्र इतका खवळतो की जून ते सप्टेंबर कोळी होड्या वर ओढून ठेवतात.

मुंबईपासून सुमारे २,१०० किलोमीटरवर, एडनच्या आखाताच्या तोंडाशी असलेलं हे बेट येमेनचं. आफ्रिकेचं टोक इथून सुमारे २४० किलोमीटर, अरबस्तानचा किनारा साडेतीनशेच्या पुढे. क्षेत्रफळ जवळपास गोव्याएवढं. भारतातून सुएझकडे जाणारी जहाजं याच टापूतून जातात. त्यामुळे नकाशा समोर घेऊन बसलेल्या प्रत्येक सत्तेला सोकोत्रा हवंहवंसं वाटलं. मात्र तिथे पोहोचल्यावर बहुतेकांची पंचाईत झाली. बेटाला वाऱ्यापासून आडोसा देणारं चांगलं नैसर्गिक बंदर नाही, आणि चार महिने समुद्र कुणाला जवळ येऊ देत नाही.

सोकोत्रा ज्वालामुखीतून वर आलेलं बेट नव्हे; तो खंडाचाच तुटलेला तुकडा आहे. अरबस्तान आफ्रिकेपासून दूर सरकू लागलं, मध्ये एडनचं आखात उघडत गेलं आणि सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी हा तुकडा समुद्रात एकटा पडला. मध्यभागी दीड हजार मीटर उंचीचे हजीर पर्वताचे ग्रॅनाइटचे सुळके आणि भोवती चुनखडीची पठारं, अशी त्याची ठेवण आहे. चुनखडी पाण्याने झिजते, म्हणून पठारांच्या पोटात गुहा आहेत. त्यांतल्या होक या गुहेने इतिहासकारांना चकित केलं.

होक गुहा डोंगरात दोन किलोमीटरहून अधिक आत जाते. २००१च्या सुमारास बेल्जियन गुहासंशोधकांना तिच्या अंधाऱ्या भागात भिंतींवर आणि चुन्याच्या खांबांवर अक्षरं दिसली. कुठे कोळशाने लिहिलेली, कुठे चिखलाने, कुठे टोकदार वस्तूने कोरलेली. असे दोनशेच्या आसपास लेख निघाले आणि त्यांतले बहुतांश ब्राह्मी लिपीत होते! इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागेपासून सहाव्या शतकापर्यंत इथे थांबलेल्या भारतीय दर्यावर्दींनी आपली नावं लिहून ठेवली आहेत. मजकूर साधा असतो: अमक्याचा मुलगा अमका इथे आला. कुणी आपण भरुकच्छचे, म्हणजे आजच्या भडोचचे, असल्याचं नोंदवतो. सोबत जहाजांची चित्रं आहेत. शिवाय आजच्या सीरियातल्या पाल्मिराहून आलेल्या एका माणसाने ठेवलेली लाकडी पाटीही सापडली. तिच्यावर इसवी सन २५८शी जुळणारी तारीख आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात इथे अरब, भारतीय आणि ग्रीक व्यापारी राहतात, असं म्हटलं आहे. ही मंडळी वाऱ्याचं वेळापत्रक पाळून येत, माल घेत आणि वारा फिरला की निघून जात. मुक्काम ठोकण्याचा अट्टहास नंतरच्या सत्तांनी धरला.

१५०७ मध्ये त्रिस्ताँव द कुन्हा आणि आफोंसो द आल्बुकर्क या पोर्तुगीज सेनानींनी इथला किल्ला जिंकला. तांबड्या समुद्रात जाणारी अरब जहाजं इथून अडवायची, हा बेत. पण अन्न पुरेना, तापाने माणसं खचली आणि तांबड्या समुद्राचं तोंड इथून बरंच लांब असल्याचंही लक्षात आलं. १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा घेतला. पुढच्याच वर्षी पोर्तुगीजांनी सोकोत्रा सोडलं.

मग मुंबईची पाळी आली. मुंबईत बांधलेलं ‘ह्यू लिंडसे’ हे वाफेचं जहाज १८३० मध्ये सुएझला गेलं. वाटेत कोळसा भरण्याची सोय हवी, म्हणून ईस्ट इंडिया कंपनीची नजर सोकोत्रावर पडली. १८३४ मध्ये ‘पॅलिन्युरस’ जहाजावरच्या अधिकाऱ्यांनी बेटाची पाहणी केली. सौदा होणारच, या भरवशावर मुंबईहून फौजही उतरवली. पण बेटाच्या सुलतानाने ते विकायला साफ नकार दिला आणि हिवतापाने सैनिक अंथरुणाला खिळले. फौज माघारी आली. १८३९ मध्ये कंपनीने एडन घेतलं आणि ते १९३२पर्यंत मुंबई इलाख्यातून चालवलं. सोकोत्राचं संरक्षण ब्रिटिशांनी १८८६ मध्ये करारान्वये घेतलं, पण वस्ती केली नाही. १९६७नंतर दक्षिण येमेनच्या काळात सोव्हिएत नौदलाची जहाजं इथे नांगर टाकत. मोठा तळ काही उभा राहिला नाही. किनाऱ्यावर जुने रणगाडे मात्र गंजत पडले.

ज्या एकाकीपणाने फौजा टेकीला आणल्या, त्यानेच इथली जीवसृष्टी राखली. सोकोत्रा द्वीपसमूहात ८२५ जातींच्या वनस्पती आहेत. त्यांतल्या ३७ टक्के जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. सरपटणाऱ्या प्राण्यांत हे प्रमाण ९० टक्के, तर जमिनीवरच्या गोगलगायींत ९५ टक्के आहे. काकडी-दुधीच्या कुळातली एकमेव वृक्षरूप जात इथलीच. आपल्या डाळिंबाची एकुलती एक सख्खी जातही इथेच रानात वाढते. २००८ मध्ये युनेस्कोने या द्वीपसमूहाला जागतिक वारसास्थळांच्या यादीत घेतलं.

सगळ्यांत प्रसिद्ध आहे तो ‘ड्रॅगन ब्लड’ वृक्ष. साल चिरली की त्यातून गडद लाल राळ पाझरते. रंगासाठी, औषधासाठी ती शतकानुशतकं विकली गेली. झाडाचा आकार वाऱ्याने उलट्या झालेल्या छत्रीसारखा आणि तो फुकाचा नाही. डोंगरावर पाऊस बेताचा, धुकं मात्र भरपूर. फांद्यांच्या टोकांना वर तोंड करून असलेली तलवारीसारखी पानं धुक्यातले बारीक थेंब धरतात. थेंब पानांवरून फांद्यांकडे उतरतात, जमिनीत मुरतात आणि दाट सावलीमुळे तिथेच टिकतात. त्या ओलाव्यावर झाडाबरोबर इतरही रोपं जगतात. झाडं गेली, तर डोंगराला मिळणारं पाणीही घटतं.

अडचण अशी की या रानांत म्हातारी झाडं दिसतात, रोपटी जवळपास दिसतच नाहीत. कोवळा कोंब वर आला की शेळी तो खाते. शेळ्या इथल्या माणसांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा आधार. पूर्वी कुठे आणि कधी चारायचं याचे गावोगावचे नियम असत, ते आता सैलावले आहेत. त्यात नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘चपला’ आणि ‘मेघ’ ही चक्रीवादळं एका आठवड्याच्या अंतराने आली आणि शेकडो वर्षांची झाडं मुळासकट आडवी झाली. १९९९ मध्ये विमानतळ झाला, तेव्हापासून वाऱ्याचा जुना पहाराही ढिला पडला आहे. २०१८ मध्ये संयुक्त अरब अमिरातीचं सैन्य इथे विमानानेच उतरलं. २०२० मध्ये दक्षिण येमेनच्या फुटीर गटाने बेटाचा ताबा घेतला.

आता काही स्थानिक कुटुंबं कुंपण घालून या वृक्षाची रोपं वाढवत आहेत. रोप वर्षाला जेमतेम एखादा इंच वाढतं. शेळीचं तोंड पोहोचणार नाही इतकं उंच व्हायला त्याला काही दशकं लागतात. गेल्या साठ वर्षांत या बेटाने सल्तनत, दक्षिण येमेन, एकसंध येमेन आणि फुटीर गट इतक्या राजवटी पाहिल्या. कुंपण यांतल्या कुणाही राजवटीपेक्षा जास्त काळ उभं राहायला हवं. म्हणून ते सांभाळण्याचं काम बेटावरच्या मेंढपाळांकडेच असणं शहाणपणाचं, आणि पैसा व ज्ञान पुरवणाऱ्या बाहेरच्यांनीही ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.