तीन मॅचमध्ये सिक्स नाही, म्हणून पोरगा बाहेर?

भातकापणी उरकली की आमच्या जित्यात रिकाम्या शेतांवर टेनिस बॉलच्या मॅचेस सुरू होतात. मागच्या हंगामात टीममध्ये एक लांब मारणारा पोरगा घेतला होता. तीन मॅच, साधारण ३० चेंडू, सिक्स एकही नाही. चौथ्या मॅचला तो बाहेर. "ह्याचा हात गेला," असं एका काकांनी जाहीरही करून टाकलं. मी दिवसभर डेटाशीच झगडत असतो, त्यामुळे घरी आल्यावर आकडेमोड केल्याशिवाय राहवलं नाही.

समजा, हा पोरगा खरोखरच दर २० चेंडूंमागे एक सिक्स मारणारा आहे. प्रत्येक चेंडूला सिक्स न जाण्याची शक्यता ०.९५. तीस चेंडूंत एकही न जाण्याची ०.९५ चा ३०वा घात, म्हणजे जवळपास २१ टक्के. असे पाच जण टीममध्ये असतील, तर त्यातला निदान एक तरी कोरा राहण्याची शक्यता ७० टक्के! म्हणजे कुणाचाच हात गेला नसला तरी काकांना बोलायला कुणीतरी सापडणारच. (प्रत्येक चेंडू स्वतंत्र आहे असं इथे धरलंय. मैदानात ते पूर्ण खरं नसतं, पण अंदाजाला पुरतं.)

यावरचं गाजलेलं उदाहरण बेसबॉलचं आहे. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी १९७० च्या हंगामातले १८ फलंदाज घेतले आणि प्रत्येकाच्या पहिल्या ४५ संधींवरून उरलेल्या हंगामाचा अंदाज बांधला. न्यूयॉर्क यांकीजचा नवखा थर्मन मन्सन ४५ पैकी फक्त ८ वेळा यशस्वी झाला होता, सरासरी ०.१७८. अठरा जणांची सरासरी ०.२६५. त्यांची पद्धत अशी: खेळाडूचा आकडा जसाच्या तसा घ्यायचा नाही, तो गटाच्या सरासरीकडे ओढायचा. इथे फरकाचा साधारण पाचवा हिस्साच शिल्लक ठेवला, म्हणून मन्सनचा अंदाज ०.२४७ च्या आसपास आला. प्रत्यक्षात उरलेल्या हंगामात त्याने ०.३१६ काढली आणि त्या वर्षीचा आपल्या लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. उलट ०.४०० वर असलेला रॉबर्टो क्लेमेंटे ०.३४६ वर आला. अठराही जणांची मिळून वर्गचूक या पद्धतीने एक तृतीयांशाहूनही कमी झाली. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फसवणूकच वाटली होती.

आपल्याकडे रोहित शर्मा आठवा. बोरिवलीत वाढलेला, २००७ पासून भारताकडून खेळणारा. २०१२ च्या श्रीलंका दौऱ्यात पाच वनडेत ५, ०, ०, ४, ४. एकूण १३ धावा. त्या वर्षी १४ वनडेत सरासरी १३ च्याही खाली. तरी त्याला ठेवलं. जानेवारी २०१३ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध सलामीला पाठवलं, ८३ केल्या; त्याच नोव्हेंबरात बेंगळुरूला ऑस्ट्रेलियाविरुद्ध २०९, त्यात १६ सिक्स.

पण थांबा, इथेच आपण घसरतो. रोहित आठवतो, कारण तो चालला. संधी मिळूनही न चाललेले किती, त्यांची नावं आपल्या डोक्यातच नाहीत. शिवाय त्याची जागाही बदलली होती. सगळं श्रेय नशीब पालटण्याला किंवा धीराला देता येत नाही. एका रोहितवरून "धीर धरला की होतंच" असा निष्कर्ष काढणं म्हणजे काकांचीच चूक उलटी करणं.

मग धीर कुणावर धरायचा? सगळे आकडे सारख्या वेगाने स्थिरावत नाहीत. बेसबॉलमध्ये फलंदाज किती वेळा स्ट्राइकआउट होतो हे काही डझन संधींतच बऱ्यापैकी कळतं. सरासरी स्थिरावायला त्याच्या कितीतरी पट संधी लागतात. प्रयोगशाळेतही तेच. पहिल्या तीन रीडिंगवरून गृहीतक फेकू नका, पण उपकरणाचं कॅलिब्रेशन मात्र त्याच दिवशी तपासा. मी पहिल्या वर्षी नेमकं उलटं केलं होतं आणि चार महिने घालवले.

आमच्या पोराचं म्हणाल तर स्कोअरच्या वहीत पाहिलं. तीनही मॅचमध्ये तो बाउंडरीवर झेल देऊन आउट झालाय. बोल्ड एकदाही नाही.