डीप पील करायचंय? जरा थांबा!

ताईचं लग्न तीन आठवड्यांवर आलंय, गालांवर पिंपल्सचे डाग आहेत आणि रीलमधली मुलगी सापाने कात टाकावी तशी चेहऱ्याची साल सोलतेय. तुमचंही बोट त्या पीलच्या बाटलीच्या ‘बाय नाऊ’वर गेलंय ना? माझं गेलं होतं.

पील म्हणजे आम्लाने त्वचेचे थर उतरवणं. ग्लायकॉलिक, सॅलिसिलिकचं पील वरवरचं. डीप पीलमध्ये मात्र फिनॉल वापरतात. खोल सुरकुत्या, उन्हाने खराब झालेली त्वचा यांवर त्याचा परिणाम वर्षानुवर्षं टिकतो, हे खरं. पण फिनॉल रक्तात उतरून हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, म्हणून ते ईसीजी मॉनिटर लावून करतात! जखम भरायला साधारण दोन आठवडे, लाली जायला काही महिने. म्हणजे लग्नाचे फोटो गेलेच.

त्यात आपली त्वचा गव्हाळ-सावळी. तिच्यावर काळे डाग किंवा कायमचे पांढुरके चट्टे राहू शकतात. म्हणून आपल्याकडे त्वचारोगतज्ज्ञ डीप पील सहसा टाळतात आणि डागांसाठी सौम्य पील, काही आठवड्यांच्या अंतराने करतात. ऑनलाइन मिळणारं टीसीएही कमी नाही, तीव्रता वाढली की तेही खोलवर भाजतं. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना ते आधीच सांगा.