कोळ्यांचं गाव पाहायला जाताना : जपानमधलं इने आणि आपलं वेसावे

जपानला जाऊन आलेली माणसं आता वर्सोव्याच्या बऱ्याच इमारतींत एक-दोन तरी सापडतात. टोकियो, फुजी, क्योटो, हिरोशिमा असा तो आठ-दहा दिवसांचा ठरलेला फेरा. मागच्या वेळी तुमच्यापैकी काहींनी विचारलं होतं की या फेऱ्याबाहेरचं एखादं लहान गाव सांगा, जिथे जुनं काही टिकलंय आणि डोळ्यांना निसर्गही आहे. म्हणून आज आम्ही इने निवडलं. आणि आपण वर्सोव्यातच बसलोय, तेव्हा त्याच्या जोडीला इथला कोळीवाडा घेणार आहोत. गावातले लोक त्याला वेसावे म्हणतात, आम्हीही तेच म्हणू.

आधी इने कुठे आहे ते पाहू. क्योटो हे शहर सगळ्यांना माहीत असतं, पण क्योटो नावाचा प्रांतही आहे आणि तो उत्तरेला थेट जपानच्या समुद्रापर्यंत जातो. तिथे तांगो नावाचं द्वीपकल्प आहे. क्योटोहून रेल्वेने साधारण दोन तासांत आमानोहाशिदातेला पोचता येतं. खाडीच्या आरपार गेलेला साडेतीन किलोमीटरचा वाळूचा पट्टा आणि त्यावर पाइनची झाडं, हे जपानच्या तीन प्रसिद्ध दृश्यांपैकी एक. टेकडीवर जाऊन, पाठ करून, वाकून, स्वतःच्या दोन पायांमधून ते उलटं बघायची तिथे प्रथा आहे. आम्हीही वाकलो. कंबरेचं दुखणं असेल तर सरळ बघितलेलंही चालतं. तिथून बसने तासाभरावर इने.

इनेचा उपसागर दक्षिणेकडे उघडतो. तोंडाशी आओशिमा नावाचं छोटं बेट आहे, ते लाटा अडवतं. या उपसागराच्या काठाने सुमारे पाच किलोमीटर, पाण्याला अगदी चिकटून, दोनशे तीसच्या आसपास लाकडी घरं उभी आहेत. त्यांना फुनाया म्हणतात. फुने म्हणजे नाव, या म्हणजे घर. खाली नाव, वर माणूस किंवा जाळी. तळमजल्याची जमीन पाण्याकडे उतरती असते, आणि नाव समुद्रातून सरळ घरात ओढून घेतात. आपण स्कूटर पार्किंगमध्ये घालतो तशी. कुटुंबाचं मुख्य घर रस्त्याच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला.

आता खरा प्रश्न. हे इनेलाच का जमलं? वेसाव्याच्या कोळ्याने आपली होडी घरात का नाही घेतली?

उत्तर भरती-ओहोटीत आहे. जपानचा समुद्र बेटांनी आणि मुख्य भूमीने जवळजवळ बंद केलेला आहे. बाहेरच्या महासागराशी जोडणाऱ्या सामुद्रधुनी अरुंद आणि उथळ आहेत. भरतीचं पाणी त्यातून आत येईपर्यंत ओहोटीची वेळ होते. त्यामुळे इनेला पाण्याची पातळी दिवसभरात फार तर अर्धा मीटर वरखाली होते. एवढ्यात घराचा उंबरठा ठरवता येतो.

मुंबईला हे शक्य नाही. आपला किनारा उथळ आणि रुंद, उत्तरेला खंबातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं, त्यामुळे भरती फुगत जाते. उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांत चार मीटरहून जास्त फरक पडतो. म्हणजे इमारतीच्या एका मजल्याहून जास्त. पावसाळ्यात महापालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे इशारे देते ते उगाच नाही. अशा पाण्यात फुनाया बांधली तर सकाळी नाव चिखलात आणि दुपारी जेवणाची ताटं पाण्यात. म्हणून वेसाव्याच्या होड्या मालाडच्या खाडीच्या मुखात नांगरलेल्या असतात आणि घरं मागे, एकमेकांना खेटून.

पण ज्या भरतीने फुनाया नाकारली तिनेच वेसाव्याला दुसरं काही दिलं. इथली जुनी मासेमारी डोलीची. डोल म्हणजे शंकूसारखं लांबलचक पिशवीचं जाळं. तोंड मोठं, शेपूट बारीक. ते समुद्रात एका जागी बांधून ठेवतात, तोंड प्रवाहाकडे करून. होडी माशामागे धावत नाही. पाण्याचा ओढा मासळी आणून जाळ्यात भरतो. बोंबील, मांदेली, करंदी, जवळा ही सगळी प्रवाहाबरोबर वाहणारी मासळी. उधाणाला ओढा जोराचा, भांगाला मंद. म्हणून कोळ्याचं कॅलेंडर तिथीचं. इनेलाही एका जागी लावलेली मोठी जाळी आहेत, पण ती बुरी नावाच्या मोठ्या माशाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर लावतात. दोन्ही गावं जाळं लावून वाट पाहणारी, एक माशाची आणि एक पाण्याची.

आणि बोंबील आला की वलांड्या आल्या. बोंबलाच्या अंगात बहुतेक पाणीच, तो काही तासांत मऊ पडतो. पूर्वी बर्फ नव्हता, तेव्हा उरलेला माल वाळवणं एवढाच मार्ग होता. किनाऱ्यावर बांबू रोवून त्यांना दोऱ्या बांधायच्या, आणि दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकायची. बोंबलाचे दात आत वळलेले असतात, त्यामुळे गाठ लागत नाही, आकडा लागत नाही. हे काम बायका करतात, आणि ते इतक्या वेगाने चालतं की पहिल्यांदा बघणाऱ्याला हात दिसतच नाहीत. दोन-तीन दिवस ऊन आणि वारा मिळाला की माल तयार.

आता इने कसं टिकलं ते सांगतो, कारण मुद्दा इथेच येतो. जपानने 1975 साली सांस्कृतिक वारशाच्या कायद्यात बदल केला. त्याआधी एखादं देऊळ किंवा एखादा वाडा जपता येत होता, बदलानंतर घरांचा सबंध समूह जपता येऊ लागला. 2005 साली इनेला तो दर्जा मिळाला. आता तिथे घराचं बाहेरचं रूप बदलायचं तर परवानगी लागते आणि दुरुस्तीला मदतही मिळते. छान आहे. पण गावाची लोकसंख्या दोन हजारांच्या आसपास, त्यात म्हातारी माणसं पुष्कळ. काही फुनायांत आता नाव नाही, पाहुण्यांसाठी गाद्या आहेत. आम्ही एका उघड्या दारातून आत डोकावलो, मोबाइल हातात. आतल्या आजी उठल्या, हसून कमरेत वाकल्या, आणि दार सावकाश लावून घेतलं. आम्ही नंतर बराच वेळ एकमेकांशी बोललो नाही. ते त्यांचं घर होतं, आम्ही त्याला देखावा समजलो होतो.

मुंबईतही 1995 च्या वारसा नियमावलीत इमारतींबरोबर सबंध परिसर जपायची सोय आहे. पण अशा नियमांना भिंत लागते, छप्पर लागतं, कोरीव खांब लागतो. वेसाव्याचा वारसा म्हणजे काय? बांबू दरवर्षी नवे. दोऱ्या नायलॉनच्या. उरते ती मोकळी जमीन, जिथे वलांड्या उभ्या राहतात, आणि खाडीच्या तोंडातून बाहेर जायची वाट. नकाशावर मोकळी जमीन रिकामी दिसते, आणि मुंबईत रिकामी जागा रिकामी राहत नाही. वरळीच्या कोळ्यांचं उदाहरण घ्या. किनारी रस्त्याच्या पुलाचे खांब साठ मीटरवर येणार होते, त्यातून होड्या वादळी पाण्यात सुरक्षित जाणार नाहीत म्हणून ते भांडले, आणि अखेर काही खांबांमधलं अंतर 120 मीटर झालं. आमच्या दृष्टीने मुंबईतल्या अलीकडच्या वारसा जतनाचं हे सगळ्यात मोठं काम, आणि त्याला वारसा असं कोणी म्हटलंसुद्धा नाही. आता वर्सोवा-वांद्रे सागरी सेतूचं काम इथेही चालू आहे, म्हणून हे इथल्या श्रोत्यांना मुद्दाम सांगितलं.

किल्ल्याबद्दल थोडक्यात. वर्सोव्याचा किल्ला म्हणतात तो खाडीपलीकडे मढला आहे. पोर्तुगीजांनी बांधलेला, 1739 च्या वसई मोहिमेच्या वेळी मराठ्यांनी घेतला, 1774 मध्ये इंग्रजांकडे गेला. तो हवाई दलाच्या ताब्यात असल्यामुळे सहज आत जाता येत नाही, बाहेरूनच पाहायचा. तिथे जायला तरीची होडी आहे, पाच मिनिटांत पलीकडे. तरीतून मागे वळून कोळीवाडा बघा, वेसाव्याचं सगळ्यात चांगलं दृश्य तेच.

एक चिठ्ठी आली आहे. विचारलंय, “जायचं कधी आणि कसं?”

मेट्रोने येणार असाल तर सावध करतो. वर्सोवा स्थानकावर उतरलात की समुद्र दिसत नाही, पुढे बस किंवा रिक्षा करावीच लागते. महिने म्हणाल तर दिवाळीनंतर ते मे. जून-जुलै मासेमारी बंद असते आणि पावसात वलांड्या रिकाम्या. वेळ ठरवायला कोकणातला जुना हिशोब वापरा : तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या होऊन दोन-तीन दिवस झाले की सकाळी सात-आठला ओहोटी मिळते, तेव्हा किनारा लांबपर्यंत उघडा असतो आणि कामही चाललेलं असतं. चपला धुता येतील अशा घाला. वासाला नाक मुरडायचं असेल तर घरीच बसा. फोटो काढण्याआधी “मावशी, काढू का?” एवढं विचारा. बहुतेक जणी हो म्हणतात. एखादी नाही म्हणाली तर मोबाइल खिशात ठेवा आणि सुके बोंबील घ्या. मात्र ते आणायला दोन पिशव्या न्या, एकात एक घालून, नाहीतर परतीच्या मेट्रोत आख्खा डबा तुमच्याकडे बघेल.