आक्षीचा दगड, खारेपाटातली उघाडी आणि चरीचा संप

अलिबाग म्हटलं की बहुतेकांना समुद्रकिनारा आणि तळलेला पापलेट आठवतो. पण भाताची खाचरं आणि कोळ्यांच्या होड्या यांच्यामध्ये या तालुक्याचा इतिहास अक्षरशः उघड्यावर पडलाय. जरा शोधा, काय काय सापडतं बघा!

आक्षी. अलिबागच्या दक्षिणेला, मासेमारीसाठी ओळखलं जाणारं गाव. इथला शिलालेख बराच काळ रस्त्याकडेला उभा होता. काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२. मराठीतला सर्वांत जुना शिलालेख म्हणून अनेक अभ्यासक याच्याकडे बोट दाखवतात (श्रवणबेळगोळच्या शिलालेखाशी वाद आहेच). माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेत. आणि विषय कोणता? प्रचलित वाचनानुसार, देवीसाठी दर शुक्रवारी द्यायचं धान्य! मासळीच्या गावात, मराठीच्या पहाटे, धान्याचा हिशेब. मला तरी याहून सुंदर सुरुवात सुचत नाही.

पलीकडे चौल. टॉलेमीला ठाऊक असलेलं बंदर. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी इथेच उतरला. गोरा माणूस बघायला लोक आपल्या मागे मागे येतात, हे त्याने लिहून ठेवलंय.

आडनावंसुद्धा दप्तरच असतात. किहीमकर, नवगावकर, पेणकर, दिवेकर: ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची कुटुंबं. जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांचे आपण वंशज, असं ते सांगतात. गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे. कुठलं कुटुंब कुठल्या गावचं, हे नुसत्या नावावरून नकाशावर मांडता येतं!

आता खारेपाट. इथली जमीन माणसाने खाडीकडून मागून घेतलीय. मातीचे बांध घालायचे, त्यांत उघाड्या, म्हणजे पाण्याची दारं, बसवायची. ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर, भरतीला दार बंद. बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात आणि भात गेला. जुन्या दप्तरांत अशा जमिनींना शिलोत्री म्हटलंय, आणि बांधांच्या डागडुजीसाठी वेगळं धान्य घेतल्याच्या नोंदी आहेत. घराजवळच्या तळ्यात जिताडा मासा वाढवायचा, हीही इथलीच रीत. शेतकरी कुठला आणि मच्छीमार कुठला, अशी रेघ इथे ओढताच येत नाही. या बांधांचा इतिहास किल्ल्यांच्या इतिहासाइतकाच मोलाचा आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

जुन्या कागदांचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर पांढरा कांदा दाखवा. अलिबागच्या या गोडसर कांद्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच्या जुनेपणाचा दाखला म्हणून १८८३ च्या गॅझेटिअरमधली नोंद पुढे आली.

आणि चरी, याच खारेपाटातलं गाव! २७ ऑक्टोबर १९३३ ला इथल्या कुळांनी ठरवलं, खोताची (सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराची) जमीन कसायची नाही. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली २५ गावं संपावर गेली. संप चालला १९३९ पर्यंत. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर चरीच्या परिषदेला आले. १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. १९३९ च्या कायद्याने कुळांना संरक्षण मिळालं.

एवढी वर्षं शेती बंद, मग चुली पेटल्या कशा? रानातली लाकडं विकून, खाडीतले मासे-चिंबोऱ्या पकडून. संपकऱ्यांची नातवंडं आजही या गावांत आहेत. जाल तेव्हा तारखा विचारू नका, त्या पुस्तकांत मिळतील. आजी तेव्हा काय रांधायची ते विचारा, आणि लगेच लिहून घ्या.