रक्त न येणाऱ्या हिरड्या

ब्रश लाल झाला की माणूस दंतवैद्याकडे जातो. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला हा इशाराच नीट मिळत नाही. निकोटीनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रोग असूनही रक्त कमी येते. हिरडी फिकट आणि घट्ट दिसते, आत मात्र दात धरून ठेवणारे हाड झिजत असते. दात हलू लागला की मगच धावाधाव होते.

धुरामुळे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे कामही बिघडते. म्हणून दातांवरचे कीटण काढून खोलवर सफाई केली तरी ओढणाऱ्याच्या हिरड्या इतरांइतक्या सावरत नाहीत. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीवर आधारलेल्या २००० सालच्या अभ्यासात ओढणाऱ्यांमध्ये पायोरियाची शक्यता सुमारे चौपट आढळली. दरवर्षी ३१ मेच्या तंबाखूविरोधी दिनी फुफ्फुसे आणि कर्करोग यांचीच चर्चा होते. हिरडी राहून जाते, हे बरे नव्हे.

मानसिक ताणानेही हिरड्या बिघडतात, पण त्याविषयीचा पुरावा धूम्रपानाइतका भक्कम नाही. शरीरात कॉर्टिसॉल वाढले की प्रतिकारशक्ती ढळते, हे एक कारण. दुसरे अगदी साधे: ताणातला माणूस दात घासायचे टाळतो, रात्री दात खातो आणि सिगारेटी वाढवतो.

ताण आणि धूर एकत्र आले की काय होते, हे पहिल्या महायुद्धात दिसले. खंदकांत महिनोन्‌महिने अडकलेल्या सैनिकांना झोप नव्हती, धड आहार नव्हता, तोंड धुण्याची सोय नव्हती. सिगारेटी मात्र शिध्यातच मिळत. त्यांच्या दातांमधल्या हिरड्यांची टोके कुजून झडू लागली. वर राखाडी पापुद्रा, असह्य वेदना आणि दुर्गंधी. या आजाराला इंग्रजीत ‘ट्रेंच माउथ’, म्हणजे खंदकातले तोंड, हेच नाव पडले. आजही तो प्रामुख्याने तरुणांत दिसतो, आणि त्यांच्यात ताणाखाली असलेले, धूम्रपान करणारे बरेच असतात.

महाराष्ट्रात धुराविना तंबाखू हिरडीपर्यंत पोचवणारी मिश्री आहे. तंबाखू तव्यावर जाळून केलेली ही पूड बायका दात घासायला म्हणून लावतात आणि तिची सवय जडते. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे, पण घरच्या तव्यावर ती पोचत नाही.

तंबाखू सुटल्यावर गेलेले हाड आपसूक परत येत नाही, पण झीज मंदावते. सिगारेट सोडल्यावर काही आठवड्यांत हिरड्यांतून रक्त येऊ लागते आणि लोक घाबरतात. झाकलेला रोग आता दिसू लागलेला असतो. दवाखाना गाठायची वेळ तीच.