जुन्या विभागातील दप्तर

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत शहापूर तालुक्यात मुरबाडच्या अंगास असलेल्या किन्हवलीत आणि आसपासच्या पंचक्रोशीत शाळा, पतपेढ्या, ग्रामपंचायती व झेरॉक्सची दुकाने येथील संगणकांशी ज्यांचा संबंध आला, त्यांना ‘विंडोज मारली’ हा शब्दप्रयोग पुरता परिचित असेल. कारण यंत्र मंदावले, व्हायरस शिरला, किंवा भारनियमनाच्या त्या वर्षांत ऐन लिखाणात वीज जाऊन यंत्र पुन्हा सुरूच होईनासे झाले, की त्यावर सर्वमान्य इलाज एकच असे, आणि तो म्हणजे जुनी प्रणाली मोडीत काढून नवी बसविणे. इलाज लागू पडे. परंतु यंत्र परत आले की दुसऱ्याच दिवशी फायलींची विचारणा सुरू होई. डी ड्राइव्ह बहुधा रिकामा असे, आणि दाखल्यांचे मसुदे, प्रश्नपत्रिका, ग्रामसभेची इतिवृत्ते, थकबाकीच्या याद्या असा सारा ऐवज डेस्कटॉपवर, म्हणजेच सी ड्राइव्हमध्ये, प्रणालीच्या शेजारीच नांदत असे.

तो ऐवज गेला, असे सांगून लोकांची बोळवण केली जाई. या वीस वर्षांकडे मागे वळून पाहताना मला राहून राहून वाटते, की त्यातील पुष्कळसा ऐवज तेव्हा गेलेलाच नव्हता.

विंडोज ९८च्या काळात फायलींवर मालकीहक्काची नोंदच नसे. जुना फोल्डर सापडला की उघडला. २००१ साली विंडोज एक्सपी आली आणि तिच्याबरोबर एनटीएफएस ही फायलींची मालकी नोंदविणारी व्यवस्था घरोघरच्या यंत्रांत रुजली, तेव्हापासून प्रकरण अवघड झाले. फॉरमॅट न करता डिस्कच्या त्याच विभागावर (पार्टिशनवर) एक्सपी पुन्हा बसविली, तर ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’मधील जुन्या खातेदाराचा फोल्डर जागेवरच असे, मात्र त्यावर क्लिक करताच प्रवेश नाकारल्याचा संदेश येई. नाव तेच, पासवर्ड तोच, बसणारा मनुष्यही तोच. परंतु प्रणाली माणसाला नावाने ओळखत नाही, ती खाते निर्माण होताना दिलेल्या एका दीर्घ क्रमांकाने ओळखते, आणि नव्या प्रणालीत तो क्रमांक नवा असतो. जणू फेरफाराची नोंद न झालेल्या जमिनीवर वारस उभा राहावा, तशी ती अवस्था. उपाय होता: प्रॉपर्टीजमधील सिक्युरिटीच्या पानावर जाऊन मालकी आपल्या नावे करून घ्यावी आणि ती आतल्या सर्व फोल्डरांना लागू करावी. पण एक्सपीच्या होम आवृत्तीत हे पान सेफ मोडखेरीज दिसतच नसे. एवढ्या एका अडचणीपायी कित्येक फोल्डर ‘खराब’ ठरून पुसले गेले असतील, या विचाराने आजही हळहळ वाटते.

फॉरमॅट झालेल्या विभागाचीही गोष्ट फार निराळी नव्हती. क्विक फॉरमॅटने फायलींची अनुक्रमणिका नवी होते. मजकूर चकतीवर असतो तेथेच राहतो, आणि त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत रिकुव्हा किंवा फोटोरेक यांसारख्या साधनांनी तो शोधता येतो. नवी विंडोज स्वतःपुरती जागा व्यापते हे खरे. परंतु खरी हानी होई ती त्यानंतरच्या घाईत, म्हणजे ऑफिस, अँटिव्हायरस आणि गाणी त्याच ड्राइव्हवर भरल्यामुळे. यंत्र बंद करून हार्ड डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडावी, आणि सापडेल ते त्या दुसऱ्या यंत्रावर उतरवावे, इतका संयम पुरेसा होता.

आणि फाइल हाती आली तरी अक्षर हाती येईलच, असे नव्हते. किन्हवलीनजीकच्या एका शाळेच्या यंत्रातून जुनी प्रश्नपत्रिका निघाली, तेव्हा पडद्यावर ओळींमागून ओळी होत्या, परिच्छेद जेथल्या तेथे होते, प्रश्नांचे गुणही उजवीकडे नीट मांडलेले होते. पण मराठीच्या जागी डोक्यावर चिन्हे घेतलेली परकी रोमन अक्षरे. श्रीलिपीत, आकृतीत किंवा सी-डॅकच्या आयएसएममध्ये टंकलेला त्या काळचा बहुतेक मजकूर युनिकोडमध्ये नसे. रोमन अक्षरांच्या संकेतांवरच मराठी आकार बसविलेले असत, आणि ते आकार जुन्या विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये राहून गेलेले असत. तेथून डीव्हीबी-टीटीसुरेख हा फॉन्ट आणून नव्या जागी ठेवताच पहिला प्रश्न वाचता आला. म्हणून माझे आग्रहाचे मत असे, की जुन्या विभागातून प्रथम दस्तऐवज आणि लगोलग फॉन्ट उचलावेत.

पुढे व्हिस्टाबरोबर, म्हणजे २००७पासून, जुनी प्रणाली ‘विंडोज.ओल्ड’ नामक फोल्डरात बाजूला ठेवण्याची सोय झाली. आपल्याकडे तिचा लाभ बहुधा विंडोज ७ आल्यावरच मिळाला, आणि तोही विभाग फॉरमॅट न करणाऱ्यांनाच. विंडोज १०मध्ये हा फोल्डर प्रारंभी महिन्याने, नंतर दहाच दिवसांनी आपोआप पुसला जाऊ लागला.

आता एसएसडीवर पुसलेली जागा ‘ट्रिम’च्या आज्ञेने लवकरच खरोखर रिकामी होते, आणि बिटलॉकरने कुलूपबंद केलेला विभाग अठ्ठेचाळीस अंकी किल्लीवाचून वाचताच येत नाही. फिरत्या चकत्यांची ती उदार मुदत नव्या यंत्रांत उरलेली नाही. तरीही कपाटांत पडलेल्या जुन्या चाळीस-ऐंशी जीबीच्या डिस्का अद्याप आहेत. आयडीईपासून यूएसबीपर्यंतचा जोड बाजारात मिळतो, आणि फिरणाऱ्या डिस्कमधील मजकूर फॉन्टांसह उतरवून युनिकोडमध्ये आणण्याचे काम प्रत्येक शाळेने व पतपेढीने याच वर्षी हाती घ्यावे, कारण चकती एकदा फिरेनाशी झाली, की हे काम तालुक्यात कोणाच्याही हातचे राहत नाही.